खणात सोडलेली नळी

"श्वास घेऊ नका असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "फक्त तिकडे जाऊन घ्या."

जेटीवर मशीनभोवती पंधरा-वीस माणसं उकिडवी बसली होती आणि कुणीही उठायला तयार नव्हतं. पडद्यावरचा आकडा चारशेवीसच्या आसपास हवा होता; तो साडेपाचशे ते सहाशेच्या मध्ये नाचत होता. म्हणजे एवढ्या अर्जविनंत्या करून, लाखोंचं मशीन टेम्पोत गादीवर झोपवून पुण्याहून कोकणात आणून मी जे मोजत होतो, ते कोंडबंदरच्या नागरिकांचं फुप्फुस होतं. खाडी अजून बाकीच होती.

काम तसं सरळ होतं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हवेत जातात. किती जातात, ते मोजायचं. मशीन एका मोठ्या सुटकेसएवढं. पोटात पंप, तो लांब नळीतून हवा ओढतो. आत लेझरचा किरण त्या हवेतून जातो आणि पडद्यावर आकडा उमटतो, हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे किती. मांडणीचे नियम असे की जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे त्याचा धूर नळीत जात नाही. नळीचं तोंड डोक्याच्या वर टांगायचं. तोंडावर कापलेली बाटली उपडी घालायची, पावसासाठी. आणि जवळपास माणूस नको. हा शेवटचा नियम नेवाळकर मॅडमनी मला दोनदा बजावला होता. मॅडम या कामाच्या प्रमुख, आणि टायफॉइड होऊन पुण्यात पडलेल्या. "तू जमवशील," असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. घरात दुसरं कुणी नसलं की मांजराला "लक्ष ठेव हं" म्हणतात, तशा स्वरात.

सुयोग भेटला तो सांध्यांमुळे. नळीला मध्ये मध्ये सांधे असतात. एखादा सैल असला तर भलतीकडची हवा आत शिरते. तो सांधा ओळखायची आमच्या धंद्यातली रीत अगदी गावठी आहे. एकेका सांध्याजवळ तोंड न्यायचं आणि हळूच श्वास सोडायचा. माणसाच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड रग्गड. आकडा उडाला की समजायचं, इथे गळतंय. मी असा नळीशी कुजबुजत असताना हा समोर येऊन उभा राहिला. 'भवानीप्रसाद' नावाच्या ट्रॉलरवरचा खलाशी, चोविशीचा, छाती पिंपासारखी. काय चाललंय, म्हणाला.

मी सांगितलं की हे मशीन दारू प्यायलेल्या माणसाला पकडतं.

माझा चेहरा जन्मतःच दुखवट्याला जाऊन आल्यासारखा आहे. त्यामुळे माझ्या थापा लोक ऐकून घेतात. अर्ध्या तासात जेटीवर रांग लागली. दत्ताराम नाखवा, म्हणजे 'भवानीप्रसाद'चा मालक आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, जातीने पुढे उभा राहिला आणि आपल्या एकेका खलाशाला सैल सांध्यावर फुंकायला लावू लागला. सगळ्यात मोठा आकडा आला सुयोगचा. सुयोगने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता; आठवड्यातून चार वार तो उपासच करायचा. त्याचा दम मोठा होता, इतकंच. त्याच बोटीवरचा त्याचा थोरला भाऊ हरेश दोन हातांवरूनही वास येईल इतका पिऊन आला होता. त्याने भीत भीत जेमतेम फुंकर घातली आणि तो निर्व्यसनी ठरला. नाखव्याने सुयोगला सगळ्यांदेखत दारुडा म्हटलं. सुयोग हसता हसता जेटीवर बसला, मग आडवाच झाला.

त्या दिवसापासून गाव मला 'मशीन' म्हणायला लागलं. "ओ मशीन, जेवलास काय?" आणि गावाने एक शास्त्रही शिकून घेतलं. मोठा आकडा वाईट, बारका आकडा चांगला.

मासेमारीची बंदी उठायला आठवडा उरला होता. दोन महिने बांधून ठेवलेल्या बोटींवरच्या ताडपत्र्या निघत होत्या, रंगाचे हात फिरत होते, इंजिनं खोकत होती. 'भवानीप्रसाद' माझ्या मशीनपासून अगदी जवळ बांधलेली. अशा बोटीच्या पोटात मासळी साठवायचा खण असतो. वर डेकवर चौकोनी झाकण, खाली माणूस उभा राहील एवढी अंधारी खोली. बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत खताच्या कारखान्याला द्यायची बारीकसारीक मासळी आली होती. ती नाखव्याने, इतर बऱ्याच बोटवाल्यांसारखीच, घाईत तशीच खणात राहू दिली होती. दोन महिने बंद झाकणाखाली ती मासळी काय करत असेल, हे बघायला कुणी गेलं नव्हतं.

सुयोग गेला. झाकण उघडून शिडीने खाली उतरला.

मी तेव्हा नळीच्या तोंडावर बाटली बसवत होतो. आधी वास आला, सडक्या अंड्यांचा, डोळ्यांत पाणी आणणारा. मग बोटीवरून कुणीतरी सुयोगला हाक मारली. मग आणखी दोघांनी. मग बरीच माणसं एकदम हाका मारायला लागली, आणि इतक्या हाकांना उत्तर येत नाही म्हटल्यावर मीही बाटली टाकून धावलो.

झाकणातून बॅटरीच्या उजेडात सुयोगचे दोन पाय दिसत होते. बाकीचा सुयोग फळ्यांच्या आड. लांब बांबूला आकडी बांधून त्याला ओढायचा प्रयत्न झाला होता, तर शर्टाची बाही तेवढी फाटून वर आली होती. ती बाही डेकवर पडली होती आणि एवढ्या धावपळीतही सगळे तिला पाय लागणार नाही असे वावरत होते. हरेश कमरेला दोर बांधत होता.

मी म्हणालो, कुणीही उतरू नका, आत वायू साचलाय, जो उतरेल तो पडेल. नाखव्याने सांगितलं की औद्योगिक वसाहतीतल्या बंबाला फोन झालाय. त्यांच्याकडे पाठीवर हवेची नळकांडी बांधलेली माणसं असतात. पण मध्ये घाट आहे, तासभर तरी लागेल.

"तासभर तो काय करील?" हरेशने विचारलं. आवाज चढवून नाही. खरोखरच माहिती हवी असल्यासारखं.

कुणी ताडपत्री धरून झाकणावर वारा घालत होतं, कुणी तिवराची फांदी दोराला बांधून खणात खालीवर करत होतं. मग बोट हाकणारा एक म्हातारा तांडेल नाक वर करून म्हणाला की वास तर गेला, आता येतच नाही, म्हणजे हवा मोकळी झाली असणार. आणखी दोघांनी हुंगून त्याला दुजोरा दिला. वास गेला नव्हता. आमची नाकं गेली होती. त्या वायूचा गुणच तसा, आधी वास देतो आणि मग नाक मारून टाकतो. मी हे ओरडून सांगितलं. दोन-तीन जणांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मयताच्या घरी कुणी शीळ घातली होती.

मग नाखवा म्हणाला, "मशीन, तुझी नळी हितवर पोचेल काय?"

पोचत होती. पोचायला नको होती. ते मशीन स्वच्छ हवेतला कणभर फरक ओळखण्यासाठी बनवलेलं. सडक्या वासाचा वायू त्याला दिसतच नाही, प्राणवायू तर त्याच्या गावीही नाही. सोनाराच्या काट्यावर ट्रॉलर चढवायचा म्हटल्यासारखं ते होतं, आणि मी नाखव्याला याच शब्दांत सांगितलं. पण नळी तोवर हातोहात जेटीवरून डेकवर गेली होती आणि तिचं तोंड खणात उतरत होतं.

नळी लांब, त्यामुळे खणातली हवा मशीनपर्यंत यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ पडदा चारशेवीस दाखवत राहिला. मग एक कसलासा आकडा नुसता चमकून गेला, मला तो वाचताही आला नाही. मग शून्य. तिथेच थांबलं. शून्य.

आतली हवा वायूने इतकी भरलेली होती की लेझरचा उजेड तिच्यातून पलीकडे पोचतच नव्हता. उजेड पोचला नाही की ते मशीन हिशेब सोडून देतं आणि शून्य लिहितं. त्या दिवशी मी जे जे पाहिलं त्यात सगळ्यात भयंकर ते शून्य होतं.

"शून्य," नाखवा म्हणाला आणि त्याने हात जोडले. "देव पावला."

"नाखवा, ते शून्य खोटं आहे," मी म्हणालो. "आत इतका वायू आहे की त्याला मोजता येत नाहीये."

"जास्त हाय म्हणून शून्य?"

"हो."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड नेहमीचंच होतं. माझ्याकडे दुसरं नाही.

"आज नको, मशीन," तो अगदी हळू म्हणाला. "पोरगा खाली पडलाय. आज मस्करी नको."

हरेशचा एक पाय खणात गेला होता. दोराचं दुसरं टोक चौघांनी धरलं होतं. "पाय हलला त्याचा," तो म्हणाला. "मी बघितला. आता हलला."

मी जेटीवर परत उडी मारली, मशीनच्या मागे बसलो, जिथे नळी मशीनला जोडलेली असते तो सांधा पूर्ण सोडवला आणि खणातून आलेली नळी बाजूला केली. मशीन आता माझ्या समोरची हवा ओढत होतं. मी त्याच्या उघड्या तोंडाशी तोंड नेलं आणि श्वास सोडला. छातीत होता नव्हता तेवढा.

पडद्याची बाजू बोटीकडे होती. मला तो दिसत नव्हता, फक्त माणसं दिसत होती. आधी कुणीतरी "वाढला" म्हणालं. मग सगळे एकामागून एक आकडे वाचू लागले, शाळेत पाढे म्हणावेत तसे. सहाशे. नऊशे. चौदाशे. मी पुन्हा श्वास भरून घेतला आणि पुन्हा सोडला. अठराशे चाळीस. नाखव्याने हरेशचा दंड पकडला आणि चौघं त्याला ओढायला पुढे झाले.

ओढावं लागलं नाही. हरेशने आपणच पाय बाहेर काढला आणि तो डेकवर बसला. कमरेचा दोर त्याने तसाच राहू दिला.

बंब आला तेव्हा दुपार कलली होती. मुखवटे लावलेली दोन माणसं खाली गेली आणि त्यांनी सुयोगला वर आणलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

पुढच्या गोष्टी मला सुसंगत आठवत नाहीत. पोलीस आले. पंचनाम्यात 'खणातील वायूचे प्रमाण अठराशे चाळीस' असं लिहिलं गेलं. हवालदाराने कशाचं प्रमाण, कशात मोजलं, काहीही विचारलं नाही, फक्त आकडा अक्षरी की अंकी एवढं विचारलं. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या की आवर आणि पुण्याला ये. सुयोगची आई, सुलोचनाकाकी, जेटीच्या कडेला सुकी मासळी विकत असे. दुसऱ्या दिवशी ती मशीनपाशी आली आणि किती आकडा आला होता, विचारलं. मी सांगितला.

"म्हणजे लय ना रे?"

"लय, काकी."

"मग नाय उतरला हरेश ते बरं झालं," ती म्हणाली. पोराचे मार्क विचारून गेल्यासारखी ती गेली. पुढच्या दिवसांत मी तिला तो आकडा जेटीवरच्या बायकांना सांगताना ऐकलं, प्रत्येकीला पुन्हा नव्याने, नीट, हातवारे करून.

हरेश माझ्याशी बोलला नाही. समोरून आला तर बाजूने जायचा. मी समजलो की याच्या मते मी त्याच्या भावाला तासभर खाली ठेवला.

मी पुण्याला गेलो, मॅडमना सगळं सांगितलं, श्वासाचंही. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. अंगावर शाल होती, तोंडाला चव नव्हती. सामान गुंडाळून आण, म्हणाल्या, आणि त्या मुलाच्या भावाशी एकदा बोल. मशीन नाखव्याच्या गोदामात कुलपात होतं. मी कोंडबंदरला परत पोचलो तेव्हा बंदी उठून गेली होती आणि तरी एकही बोट समुद्रात नव्हती.

सगळ्या जेटीला लागून ओळीने उभ्या होत्या. माझं मशीन गोदामातून बाहेर आणून तिवईवर मांडलं होतं. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला. नळीचे सांधे घट्ट. त्यांनी मला मांडताना पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा नीट मांडलं होतं. पुढे नारळ फोडलेला. आणि बर्फ कारखान्याच्या भिंतीवर ताज्या निळ्या रंगात सोसायटीचा फलक:

'खण उघडल्यावर मशीन लावणे सक्तीचे आहे. आकडा अठराशेच्या आत असेल तरच उतरावे. हुकमावरून, अध्यक्ष.'

एका मेलेल्या मुलामागे एवढा शहाणपणा मी कुठल्याच सरकारी खात्याकडून पाहिलेला नाही. माझ्या फुप्फुसातून निघालेला आकडा भिंतीवर चढून नियम झाला होता. मी फलक वाचत होतो, तेवढ्यात पाठीमागे आनंदाचा कल्ला झाला.

पहिल्या बोटीच्या खणात नळी सोडलेली होती. पडद्यावर शून्य होतं.

"पास," नाखवा म्हणाला, आणि एका तरण्या खलाशाने झाकणाच्या काठावरून पाय आत टाकला.

मी कसा धावलो ते आठवत नाही. खलाशाच्या बनियनला धरून मागे ओढलं, तो आणि मी दोघंही डेकवर पडलो. गलका झाला. मला उचलून उभं करण्यात आलं, ते फारशा प्रेमाने नाही. मी सांगायला लागलो. की त्या दिवशीही शून्यच होतं. शून्य म्हणजे भरलेला खण. अठराशे चाळीस खणाचा आकडा नव्हताच, माझ्या तोंडाचा होता. मी नळी काढून आत श्वास सोडला होता, कारण खरं सांगून तुम्ही ऐकत नव्हता.

नाखवा थकल्यासारखा म्हणाला, "अरे, परवा दहावं झालं त्याचं. तुला लाज कशी वाटत नाय?"

मी मशीनपाशी गेलो, सांधा सोडवला, सगळ्यांदेखत श्वास सोडला. आकडा चढला. हजार, बाराशे, सतराशे. बघा, म्हणालो. त्यावर तो म्हातारा तांडेल शांतपणे म्हणाला की म्हणजे मशीन आता बिघडलंय, तेव्हा चांगलं होतं. बऱ्याच माना हलल्या. दुसरं कुणीतरी म्हणालं की पोराचं मरण मनावर घेतलंय त्याने बिचाऱ्याने, त्याला घरी पाठवा. खलाशी पुन्हा खणाकडे निघाला. त्याच्या मागच्या बोटीवर दुसरं झाकण उघडण्याचा आवाज आला, त्याच्या मागे तिसरं. बोटी चाळीसच्या वर होत्या आणि प्रत्येकीला घाई होती.

"खरं बोलतोय तो."

हरेश होता. तो कधी आला मला कळलं नव्हतं. डोकं भादरलेलं, टोपी नव्हती, उन्हात टाळू कोवळी दिसत होती. गर्दीने त्याला वाट दिली, मृताच्या घरच्या माणसाला देतात तशी.

"तुला काय ठावं?" नाखव्याने विचारलं, पण मऊ आवाजात.

"मी बघितलं." हरेश माझ्याकडे बघत नव्हता. तो सगळ्यांना सांगत होता आणि कुणाकडेच बघत नव्हता. "तुम्ही समदे पडद्याकडे बघत होता. मी याच्या तोंडाकडे बघत होतो. यानं नळी काढली, आन तोंड लावलं. आकडा तवा वाढला. मला कळलं होतं काय चाललंय ते. दारूच्या टायमाला मी पन तिथंच फुंकर मारलेली."



"मला वाटलं, खणात कायच नाय. शून्य हाय, मोकळा हाय. हा गडी खोटा आकडा दावून मला थांबवतोय." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "तरी मी पाय बाहेर काढला. त्याचा पाय हललेला मी बघितलेला. आन मला उतरायचं नव्हतं. ह्या आकड्यामुळं मला कुनी काय बोललं नसतं. म्हनून मी आकडा घेतला."

मागच्या बोटीवर उघडत असलेलं झाकण मध्येच थांबलं. उघडणाऱ्याने ते पुन्हा बंद केलं नाही आणि पूर्ण उघडलंही नाही, नुसतं धरून ठेवलं. समोरच्या तरण्या खलाशाने पाय काठावरून काढून घेतला आणि तो हरेशपासून दोन पावलं लांब सरकला. त्याच्या पाठोपाठ बाकीचे. मुद्दाम कुणी केलं नाही. पण मघा वाट देताना जेवढी जागा झाली होती तेवढीच जागा आता त्याच्याभोवती पुन्हा झाली, आणि ती पहिल्यासारखी नव्हती.

"खण उघडे ठेवा," मी म्हणालो. गप्प राहणं मला तेव्हा जमलं नसतं. "दोन दिवस. झाकणं काढा, पंखे लावा, पाण्याने धुवा वरूनच. कुणी उतरू नका. मशीनला विचारू नका."

नाखवा काही वेळ फलकाकडे बघत राहिला. मग त्याने एका पोराला रंगाचा डबा आणायला सांगितलं आणि जेटीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात हुकूम सोडला, सगळी झाकणं उघडा, सगळी माणसं जेटीवर या. बोटीमागून बोट रिकामी होऊ लागली. झाकणं एकावर एक आदळल्याचे आवाज लांबपर्यंत गेले, आणि पाठोपाठ तो वास आला, त्या दिवसाचा. माणसं नाकाला पंचे लावून मागे सरली. जिथे शून्य दिसलं होतं त्या बोटीचा वास सगळ्यात उग्र होता.

सुलोचनाकाकी तिच्या टोपल्यांजवळून उठली. तिने सगळं ऐकलं होतं. ती जेटीच्या कडेला नेहमीच्याच जागी होती, आणि बोलायला लागल्यापासून हरेशने फक्त त्या एका जागेकडे पाठ फिरवलेली होती. ती गर्दीतून आली. मला वाटलं आता ती त्याच्या तोंडात मारणार. सगळ्यांनाच वाटलं असावं. नाखव्याने मान खाली घातली.

ती हरेशच्या पुढ्यातून माझ्याकडे आली.

"हा उतरला असता तर?" तिने मला विचारलं.

"दोघं गेले असते, काकी."

"नक्की?"

आमच्या धंद्यात 'नक्की' म्हणत नाहीत. आमच्या धंद्यात प्रत्येक आकड्यापुढे तो किती चुकू शकतो हे लिहायचं असतं, आणि ते लिहिलं नसेल तर आकडा कुणी विचारात घेत नाही. खणातली हवा मी मोजली नव्हती. सुयोग कधी गेला, उतरताच की नंतर, ते मला ठाऊक नव्हतं. पाय हलला होता की नाही हेही नाही. दोराला धरून उतरलेला, दम रोखलेला माणूस काही क्षणांत काय करू शकतो, यावर मी काहीही वाचलेलं नव्हतं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. हा माणूस थट्टा करतोय की कसं, ते तिला शोधायचं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर ते आजवर कुणालाही सापडलेलं नाही.

"नक्की," मी म्हणालो.

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग वळली, हरेशच्या दंडाला धरलं आणि त्याला गर्दीतून घेऊन निघाली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता आणि लहान पोरासारखा तिच्यामागे चालला होता. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. ती प्रत्येक माणसाला हाताने बाजूला सारत गेली.